उजव्या हाताचा फासा

माझ्या वडिलांनी डाव्या हातानं जेवायचं कबूल केलं असतं, तर मी आज पुण्यात असते. हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलंय की त्यातली धार गेली, राग मात्र राहिला. त्यांचा डावा हात ठणठणीत आहे. त्या हातानं ते माश्या हाकलतात, टीव्हीचं चॅनल बदलतात, शेजारचं मांजर खाटेवर चढलं की मानगूट धरून खाली टाकतात. फक्त घास तेवढा त्या हातानं तोंडात घालत नाहीत. डावा हात धुण्याचा, उजवा हात खाण्याचा, एवढं एकच शास्त्र त्यांच्या डोक्यात शाबूत राहिलं. चमचा डाव्या हातात दिला तर भिंतीकडे तोंड फिरवतात. आणि उजवा हात लकवा मारल्यापासून मांडीवरच्या टॉवेलवर पडून असतो, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा.

ते बसमध्ये कंडक्टर होते. सिंदेवाहीहून चिमूर, मूल, नागभीड, जन्मभर त्याच रस्त्यांवर उभ्यानं फिरले. लकव्यानं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. गेली म्हणजे अगदीच नाही, एक शब्द मागे राहिला. ‘चला.’ डॉक्टर म्हणाले, असं होतं, आयुष्यभर तोंडात बसलेला शब्द कधीकधी टिकून राहतो. पाणी हवं, चला. लघवीला लागली, चला. पाहुणे आले, चला. पाहुणे जात का नाहीत, तरी चला. सुरुवातीला नातेवाईक बिचारे बसल्याबरोबर उठायला लागायचे, मग त्यांना समजावून सांगावं लागायचं की तसं नाही, ते तुम्हाला बसाच म्हणताहेत.

मी पुण्यात एका कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. घरून काम करायची परवानगी घेऊन आले ती काही आठवड्यांसाठी, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. भाऊबहीण नाही. आई अंगणवाडीत मदतनीस, सकाळी जाते ती दुपार कलल्यावर येते. म्हणजे बाबांच्या दुपारच्या जेवणाला घरात माणूस हवं. ब्रह्मपुरीहून येणारा, व्यायाम शिकवणारा डॉक्टर मुलगा पहिल्याच भेटीत म्हणाला होता, ‘‘उजव्या हातानं स्वतः घास घेऊ लागले ना, की आई एकट्या सांभाळू शकतात. मग तुम्ही खुशाल जा.’’ त्यानं सहज म्हटलं, पण मी ते धरून बसले. रोज सकाळी उठून आधी त्या हाताकडे पाहायचं, अशी मला सवयच लागली. मुलीनं बापाच्या तब्येतीकडे पाहावं तसं नव्हतं ते. कुलपाकडे पाहावं तसं होतं.

पुण्याहून येताना बॅगेत एक मखमली थैली आली होती, फाशांची. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. चारपाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू. गोष्ट सांगणारा म्हणतो, समोर दरी आहे, काय करता? तुम्ही सांगायचं, मी उडी मारते. आणि मग फासा टाकायचा. उडी जमली की नाही ते फासा सांगतो. फासे तऱ्हेतऱ्हेचे असतात. वीस बाजूंचा फासा सगळ्यांत महत्त्वाचा, काम जमलं की फसलं ते त्याच्यावर. मोठा आकडा आला तर जमलं, एक आला तर तोंडावर आपटलात. घाव किती बसला ते चार बाजूंच्या, आठ बाजूंच्या, बारा बाजूंच्या फाशावर, जसं हत्यार तसा फासा. नियम एकच, आधी बोलायचं, मग टाकायचं. फासा हातात घेऊन ‘मी काय करू?’ असं विचारायचं नाही. काय करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवायचं असतं.

आमची पुण्याची टोळी रविवारी दुपारी जमायची. मी इकडे आल्यावर त्यांनी मला फोनवरून खेळात घेतलं. आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात. तिथे मी चटई टाकून, डोक्यावर ओढणी घेऊन बसायची, ऑफिसच्या कामालाही तिथेच. खाली बाबा झोपलेले, समोर धानाचे बांध, त्यापलीकडे जंगल, आणि मी फोनमध्ये ओरडतेय की मी राक्षसाच्या तंगड्यांमधून निसटते. शेजारीपाजारी काय म्हणत असतील ते म्हणोत. एकदा माकडांचा कळप आला आणि त्यातल्या एका हुप्प्यानं माझा बारा बाजूंचा फासा उचलला, दातानं चावून पाहिला आणि तो घेऊन चिंचेवर गेला. मी ते फोनवर सांगितलं तर मंडळींना पुरतं पटलं नाही. पुण्यात बसून कसं पटणार!

पण रेंज यायची आणि जायची. ऐन लढाईत मी गायब. मग त्यांनी एक युक्ती काढली. माझं पात्र शत्रूच्या हाती सापडलं आणि त्याला तळघरातल्या कोठडीत टाकलं. म्हणजे मी असले काय, नसले काय, गोष्ट अडत नव्हती. ‘‘पुढच्या रविवारी सोडवू तुला,’’ म्हणाले. पुढच्या रविवारी ते दुसऱ्याच शहरात होते. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचा वाढदिवस. मी विचारायची, माझं काय चाललंय? गोष्ट सांगणारा म्हणायचा, तू कोठडीत आहेस, भिंतीवरून पाणी झिरपतंय. सगळे हसायचे. मीही हसायची.

असंच एका रविवारी फोन बंद पडला आणि परत लागेना. मी तणतणत खाली आले आणि थैली बाबांच्या खाटेवर आपटली. फासे गादीवर सांडले. एक घरंगळून त्यांच्या मांडीला लागला. बाबांनी डाव्या हातानं तो उचलला, उजेडात धरून फिरवून पाहिला, परत फिरवून पाहिला. कित्येक महिन्यांत मी त्यांना एखाद्या वस्तूकडे असं पाहताना पाहिलं नव्हतं. व्यायामवाल्या डॉक्टरानं बोटांसाठी हरभरे, तुरीचे दाणे उचलायला लावले होते, ती ताटली बाबा रोज सरकवून द्यायचे. फासा मात्र त्यांनी मुठीत ठेवला.

तिथून आमच्या घरातला खेळ सुरू झाला. खेळायला तिघं. बाबा, आई, आणि शेजारच्या भाभी, ज्यांच्या नवऱ्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. गोष्ट सांगणारी मी. राजे, राक्षस, तळघरं त्यांना काय सांगू? मी एक बस घेतली. बस जंगलात बंद पडलीय, इंजिन गार, मागेपुढे वस्ती नाही. बाबा त्या बसचे कंडक्टर. आई लग्नाला निघालेली बाई, भाभी बांगड्यांची पेटी घेऊन निघालेली विक्रेती. मी म्हटलं, ‘‘खिडकीतून बाहेर पाहा, रस्त्यावर वाघ बसलाय.’’

‘‘नाव नोको घेऊ वो,’’ आई एकदम म्हणाली. ‘‘जनावर म्हन.’’

‘‘अगं, खेळ आहे हा.’’

‘‘खेळ असन नाई तं काई असन. जंगलात बसून त्याचं नाव घेते का कोनी? आपन बसमधी हाओ, बस जंगलात हाये. जनावर म्हन.’’

तर जनावर रस्त्यावर बसलं होतं. आई म्हणाली मी खिडकी लावून घेते आणि गप्प बसते. यासाठी फासा लागत नाही, असं मी सांगितलं, तर तिला वाईट वाटलं, तिनं तरी टाकलाच. भाभी मात्र पदर खोचून उठल्या. ‘‘मैं उतरती. पेटी डोक्यात घालतो त्याच्या.’’ बांगड्यांच्या पेटीला मी आठ बाजूंचा फासा दिला आणि बाईंनी पहिल्याच फेकीत आठ आणले. मग काय, पुढच्या सगळ्या रविवारी कुठलंही संकट आलं की भाभी पेटी घेऊन उतरायच्याच. डाकू आले, पेटी. पूल वाहून गेला, तरी पेटी. आई फाशांना नावं ठेवायला लागली. चार बाजूंचा टोकदार फासा म्हणजे शिंगाडा, तो तिच्या पायाखाली एकदा आला आणि तिनं त्याला दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. वीस बाजूंचा गोलसर म्हणजे आवळा. बाबांची पाळी आली की मी आवळा त्यांच्या उजव्या पंजात ठेवायची, वरून माझा हात धरून बोटं मिटवायची आणि सोडायची. फासा पडायचा तो माझ्या हातानं. बाबा ‘‘चला!’’ म्हणायचे आणि खरं सांगते, त्या खेळात तो शब्द पहिल्यांदा बरोबर जागी पडायचा. बस सुरू व्हायची.

त्या रविवारांत मला बरं वाटायचं, हे नाकारत नाही. पण सोमवारी सकाळी हात तसाच टॉवेलवर असायचा.

घोळ घातला तो आईनं. आईचं माहेर धानोऱ्याच्या बाजूचं, जंगलातलं. तिकडे दाणे पाहतात. सुपात तांदूळ घ्यायचे, मनात प्रश्न धरायचा, चिमूट उचलून दाणे जोडीजोडीनं मांडत जायचं. सगळे जोडीनं बसले तर होकार. एक सुटा उरला तर नकार. बैल कोणत्या दिशेला गेला, पोरीला स्थळ पाहायला जायचं की थांबायचं, सगळं त्या दाण्यांना विचारतात. आईला ते येतं. एक दिवस मी स्लॅबवरून खाली आले तर ती देवाजवळ सूप घेऊन बसलेली. सुपात तांदूळ आणि तांदळावर माझा आवळा, हळदकुंकू लावलेला.

‘‘हे काय करून राह्यली?’’ मी घरात आले की कधीकधी घरातली भाषा तोंडात येते.

‘‘इचारून राह्यलो, सिलेंडर आज येते का नाई.’’

‘‘आई, तो फासा आहे.’’

‘‘दानेबी फासेच होत. हे बरं हाये, मोजाचं काम नाई. जोडीचा आकडा आला तं हो, सुटा आला तं नाई. फक्त आकडा बारीक हाये, मले दिसत नाई. तू पाह्यून सांग.’’

मी पाहिला. बारा होता. आणि सिलेंडरची गाडी तासाभरात दारात उभी राहिली. झालं! त्या दिवसापासून आवळा देवाच्या ताटलीत गेला. मी तिला परोपरीनं समजावलं की हा फासा उत्तर द्यायला नसतो, माणसानं काय करायचं ते आधी ठरवायचं असतं, मग टाकायचा. आई शांतपणे म्हणाली, ‘‘ठरवता आलं असतं तं इचारलं कायले असतं?’’ मग अंगणवाडीतल्या बाया यायला लागल्या. कुणाची बदली, कुणाची म्हैस. भाभी लांबूनच म्हणायच्या, ‘‘हमारे में नहीं चलता ये, मैं सिर्फ खेलने आती,’’ आणि मग जाताजाता, ‘‘पर वो बकरी का जरा पूछ ले ना.’’ आई डोळे मिटून टाकायची, मी आकडा वाचायची. बाबा खाटेवरून सगळं पाहत असायचे. जोडी म्हणजे हो, सुटा म्हणजे नाही, हे घरातल्या मांजरालाही कळलं असेल इतक्यांदा ते झालं. रविवारी खेळायला आवळा हवा असला की मला देवाच्या ताटलीतून मागून घ्यावा लागायचा, आणि आई बजावायची, डावा हात लावू देऊ नको. बाबाही आता त्याला डावा हात लावत नव्हते.

मग ऑफिसातून फोन आला. घरून काम बंद. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी पुण्यात हजर व्हायचं, ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं कळवायचं. साहेबीण चांगली आहे, तिनं आवाज मऊ ठेवला. मी स्लॅबवर टाकीला टेकून उभी होते. खाली आई बाबांना कूस बदलायला लावत होती, ‘‘हं, जोर करा, हं,’’ असा तिचा आवाज येत होता. मी फोन ठेवला तेव्हा मला काय वाटलं? आनंद झाला. मी लपवत नाही. वाटलं, आता कुणीतरी वरून दार उघडलंय, आता मला नाही कसं म्हणतील?

कुणी नाही म्हटलंच नाही. आई म्हणाली, ‘‘तू ठरव.’’ मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, ‘‘मी काय सांगू, तुझी नोकरी.’’ दुपारचं काय करशील, विचारलं तर म्हणाली, ‘‘पाहू काई तरी.’’ ‘पाहू’ म्हणताना तिनं पाठीवर हात ठेवला, जिथे तिला बाबांना उचलून उचलून दुखतं. मी तिच्यावर चिडले. सरळ म्हण ना, थांब म्हणून! म्हणजे मला भांडता तरी येईल. किंवा म्हण जा, म्हणजे बॅग भरता येईल. ती दोन्ही म्हणत नव्हती आणि मीही दोन्ही म्हणत नव्हते. बाबांशी मी बोलले. त्यांच्यासमोर बसून सगळं नीट सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘चला.’’ मी विचारलं, म्हणजे जाऊ? ‘‘चला.’’ की नको जाऊ? ‘‘चला.’’ मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि त्यांचेही डोळे भरले, पण लकव्यानंतर त्यांचे डोळे क्रिकेट पाहतानाही भरतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याच्या टोळीचा निरोप आला. नवीन एक मुलगी खेळायला येतेय, तिला तुझं पात्र देऊ का? तू तशीही कोठडीतच आहेस. शेवटी हसण्याचं चिन्ह होतं. मी लिहिलं, मी येतेय, थांबा. लिहिल्यावर लक्षात आलं की हे मी त्यांना सांगितलं, घरात कुणालाच सांगितलं नाही. रोज दुपारी मी बाबांच्या पंजात फासे ठेवत होते आता, रविवारची वाट न पाहता. शिंगाडा, आठ बाजूंचा, लुडोतला साधा. धरा, बाबा. धरा ना. बोटं उघडी ती उघडी. मी आवाज चढवायला लागले होते. एकदा फासा त्यांच्या पंजात ठेवून मी इतक्या जोरात मूठ आवळली की शिंगाड्याची टोकं त्यांच्या तळव्यात उमटली.

कळवायची मुदत संपत आली. रविवार होता, पण बसचा खेळ कुणी काढला नाही. आई न्हाऊन आली, सूप घेतलं, तांदूळ घेतले आणि बाबांच्या खाटेवर, त्यांच्या गुडघ्यांजवळ ठेवले.

‘‘इथी काऊन?’’ मी विचारलं.

‘‘घरच्याचा प्रश्न हाये, घरच्याच्या समोर इचारला पाह्यजे.’’

मी आवळा आणून दिला. मी तो दिला, हे लक्षात घ्या. कित्येक महिने मी तिला हसले होते, तावातावानं नियम सांगितले होते, आधी बोलायचं मग टाकायचं. आणि त्या सकाळी मला मनापासून वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी ठरवावं, मग तो प्लॅस्टिकचा तुकडा का असेना. आईनं फाशाला कुंकू लावलं, हात जोडले, डोळे मिटले. ‘‘पोरगी पुण्याले गेली तं घराचं बरं होईन का? हो असन तं जोडी दे.’’ आणि टाकला.

आवळा तांदळात पडला आणि थोडा रुतून थांबला. सोळा.

मला स्वच्छ दिसला. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला ठाऊक नाही, पण आतून मी सुटले, छातीतून काहीतरी उतरलं. आई अजून डोळे मिटून पुटपुटत होती. तिला ‘सोळा’ सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात टॉवेलवरचा हात हलला.

उजवा. आधी मला वाटलं बाबांनी कूस बदलली म्हणून तो घसरला. पण तो घसरत नव्हता, तो येत होता. कोपरापासून ओढत, थरथरत, सुपाच्या काठावर चढला, तांदळात उतरला. बोटं आखडलेली होती, त्यातलं एक पुढे झालं. फाशाच्या कडेला लागलं. ढकललं. आवळा एका बाजूनं कलला आणि पलटला. तीन.

हात तिथेच थांबला. मी बाबांकडे पाहिलं. ते फाशाकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. त्यांनी आकडा वाचला होता की माझं तोंड, ते मला आजवर कळलेलं नाही.

सुपातून तांदूळ खाली सांडले त्या आवाजानं आईनं डोळे उघडले. तिला दिसला फक्त हात. सुपात पडलेला, तांदळानं माखलेला, उजवा हात. ‘‘अवो माय!’’ ती ओरडली. ‘‘हालला! हालला का? तूनं पाह्यला?’’ मी मान हलवली. तो हात तिनं छातीशी धरला, चुंबला, गालावर घासला, दारात जाऊन भाभींना हाका मारल्या, परत आली, परत हात धरला. भाभी ओल्या हातांनी धावत आल्या. दोघी रडत होत्या. बाबाही रडत होते. मीही. माझं रडणं कशाचं होतं ते तिघांपैकी एकालाच कळत असेल.

बऱ्याच वेळानं आईला आठवलं. ‘‘काय आलं होतं वो?’’

‘‘हात लागला ना. दिसलं नाही.’’

‘‘जाऊ दे!’’ तिनं सूप उचललं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. ‘‘आता कायले दाने अन् कायचा आवळा! देवानं हातच हालवून देल्ला, आता अजून काय इचाराचं? आता जेवतीन ते आपल्या हातानं. तू जाय, पोरी. बिनघोर जाय.’’

अखेर ते शब्द तिच्या तोंडून आले. इतके दिवस मी ज्यांची वाट पाहत होते तेच. ती बॅग काढायला माळ्याकडे गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आई अंगणवाडीत गेल्यावर मी भात आणि लाखोळीचं वरण कालवून ताटली बाबांच्या मांडीवर, उजव्या हातापाशी ठेवली. आणि भरवायला बसले नाही. समोर खुर्ची घेऊन बसले.

‘‘बाबा, तुमचा हात चालतो. मी पाह्यला.’’

त्यांनी ताटलीकडे पाहिलं.

‘‘घास घ्या. एक घास घ्या, मग मी भरवते बाकीचं.’’

वरणावर साय धरायला लागली. मी चिडणार होते. कालपासून माझ्या अंगात इतका राग साठला होता की मी ताटली उचलून फेकलीही असती. पण मग मी त्यांचे डोळे पाहिले. ते नेहमीसारखे भरून आले नव्हते. कोरडे होते आणि घाबरलेले. हा माणूस जन्मभर भरलेल्या गाडीत उभा राहिला. मी गेले की रोजच्या दुपारी एकट्यानं भिंतीकडे पाहत पडून राहायचं, हाका मारायला एकच शब्द, तोही कुणाला न समजणारा. मी काल रात्री बॅगेत कपडे ठेवत होते ते त्यांनी खाटेवरून पाहिलं होतं. मला त्यांचा राग आला होता आणि तो गेला नाही, पण त्याच्या शेजारी ही भीतीही येऊन बसली आणि मला एकाला उठवून दुसरीला ठेवता येईना.

बाबांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, अलगद बाजूला ठेवला, आणि त्याच्यावर टॉवेल पांघरला. नीट, बोटं दिसणार नाहीत असा. मग माझ्याकडे पाहून तोंड उघडलं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना भरवलं. सगळं संपवलं त्यांनी. तोंड पुसून दिलं, पाणी पाजलं, उशी सरळ केली. आई संध्याकाळी विचारणार होती, हात हालला का, आणि मी नाही म्हणणार होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपल्यावर मी स्लॅबवर गेले, टाकीजवळच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि ऑफिसला फोन लावला. म्हटलं, मला यायला जमणार नाही. साहेबिणीनं मनापासून विचारलं, का गं, काय झालं?

मी म्हटलं, ‘‘वडिलांचा हात अजून हलत नाही.’’